आजोबांची ‘दिल्ली’ कोणती? एकाच नावाच्या युद्धनौकांमधून आपली नेमकी कशी ओळखायची

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. तुमचे आजोबा खरं बोलत होते. ते ज्या ‘दिल्ली’वर होते ती वेगळी आणि तुमच्या चुलतभावाने मोबाईलवर दाखवली ती वेगळी. दोन्ही आपल्याच नौदलाच्या, दोन्ही ‘आयएनएस दिल्ली’, पण पहिली निवृत्त झाली तेव्हा दुसरी बांधायलाही घेतलेली नव्हती.

मूळ प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताई गारगोटीच्या बाजूच्या. त्यांचे आजोबा 1954 साली नौदलात स्टोकर (बॉयलर सांभाळणारा खलाशी) म्हणून भरती झाले आणि दहा वर्षांनी सुटून गावी आले. आता ट्रंकेत एक जीर्ण कागद सापडलाय. त्यावर शिवाजी, गोदावरी आणि दिल्ली अशी तीन नावं आहेत. तारखा बहुतेक पुसल्यात, फक्त दिल्लीपुढे ‘61’ वाचता येतं. घरात फ्रेम करायची आहे, गावातल्या माजी सैनिकांच्या फलकावरही नाव लागणार आहे. चुलतभावाने इंटरनेटवर शोधलं, तर दिल्ली 1997 ची निघाली, गोदावरी 1983 ची, आणि शिवाजी नावाचं जहाज काही सापडेना. त्यात आजोबा म्हणायचे, “आमच्या जहाजाने जर्मनांशी लढाई केलीय.” घरात त्यावर हसायचे. ताईंनी विचारलंय की आजोबांचं सांगणं कितपत धरायचं, आणि फ्रेममध्ये फोटो कुठला लावायचा.

यातली खरी अडचण आजोबांच्या आठवणीची नाही. नाव जुळलं की जहाज मिळालं असं आपण धरून चालतो, अडचण तिथे आहे. युद्धनौकेचं नाव त्या एका लोखंडी सांगाड्याचं नसतं. ते नौदलाच्या मालकीचं असतं. जहाज निवृत्त झालं किंवा बुडालं की नाव मोकळं होतं आणि पुढे नव्या जहाजाला दिलं जातं. कोल्हापुरात ‘शाहू महाराज’ म्हटलं की राजर्षी डोळ्यांसमोर येतात, साताऱ्यात थोरले शाहू. दोघांमध्ये सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, आणि कुठल्या शाहूंबद्दल बोलतोय हे साल सांगितल्याशिवाय कळत नाही. जहाजांचंही तसंच धरा.

मी नौदलात सिग्नल शाखेत होतो. दुरून येणारं जहाज कोणतं हे झेंड्यावरून, आकारावरून आणि क्रमांकावरून सांगणं हेच आमचं काम. निवृत्तीनंतर कोल्हापुरात स्थायिक झालो, आणि तेव्हापासून कागल, गडहिंग्लज, शिरोळ, आजरा भागातली माणसं वडिलांचे, आजोबांचे नौदलाचे कागद घेऊन येतात. आपला जिल्हा तसा पायदळाचा. सैनिक टाकळीसारखी गावंच्या गावं सैन्यात. त्यामुळे मराठा लाइट इन्फंट्रीचे कागद वाचणारा माणूस गल्लीत सापडतो, नौदलाचे वाचणारा शोधावा लागतो. खरं तर समुद्र आपल्याला परका नाही. 1812 च्या तहापर्यंत मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला करवीर राज्याकडेच होता.

आता तुमच्या दिल्लीकडे येऊ. पहिली दिल्ली ब्रिटनमध्ये बांधलेली, लिअँडर वर्गातली (म्हणजे त्या आराखड्याच्या जहाजांपैकी एक) क्रूझर, मोठ्या तोफांची युद्धनौका. 1932 साली पाण्यात उतरली तेव्हा तिचं नाव ‘अकिलीस’. न्यूझीलंडकडे असताना 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, प्लेट नदीच्या मुखाशी, एक्सेटर आणि एजॅक्स या दोन क्रूझर्सबरोबर तिने ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी लढाई केली. ग्राफ श्पेला माँटेव्हिडिओ बंदराचा आसरा घ्यावा लागला आणि चार दिवसांनी तिच्याच कप्तानाने तिला बाहेर नेऊन बुडवलं. ही अकिलीस भारताने घेतली आणि 5 जुलै 1948 रोजी ती ‘दिल्ली’ झाली. म्हणजे “आमच्या जहाजाने जर्मनांशी लढाई केलीय” हे वाक्य अक्षरशः खरं आहे. मी लढलो असं आजोबा म्हणाले नव्हते, जहाज लढलं म्हणाले होते. जुन्या खलाशांचं बोलणं असंच असतं. जहाजाचा सगळा इतिहास, आपण चढण्याआधीचासुद्धा, ते आपला म्हणून सांगतात आणि तसा हक्क त्यांना असतो.

ही दिल्ली स्वतंत्र भारताच्या नौदलाची सुरुवातीची मोठी लढाऊ नौका. जून 1950 मध्ये पंडित नेहरू तिच्यावरून इंडोनेशियाला गेले. 1953 मध्ये इंग्लंडला राणीच्या राज्यारोहणाच्या नौदल संचलनाला तीच गेली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा, दमण, दीव मुक्त झालं तेव्हा ती दीवच्या समोर उभी होती आणि तिच्या सहा इंची तोफांनी किल्ल्यावर मारा केला. 30 जून 1978 रोजी ती निवृत्त झाली. दुसरी दिल्ली मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली क्षेपणास्त्रधारी विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर. ती 15 नोव्हेंबर 1997 रोजी दाखल झाली. मधली जवळजवळ वीस वर्षं दिल्ली नावाची युद्धनौका नौदलात नव्हतीच. तुमच्या आजोबांची सेवा 1964 ला संपली, त्यामुळे या एका नावाबाबत वादाला जागाच नाही.

तरी घरच्यांची खात्री पटवायला एक गोष्ट सांगा. आजोबा स्टोकर होते, म्हणजे बॉयलर रूममधले. स्टोकर म्हटलं की फावड्याने कोळसा ओढणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, तसं नव्हतं. पहिल्या दिल्लीचे बॉयलर तेलावर चालायचे. बर्नर सांभाळणं, पाण्याची पातळी आणि वाफेचा दाब राखणं, धुराचा रंग बिघडू न देणं, हे सगळं त्या उकाड्यात चार-चार तास उभं राहून करायचं. त्या वाफेवर 72,000 अश्वशक्तीची टर्बाइन फिरत आणि जहाज ताशी बत्तीस नॉट्सच्या वर जाई. आजच्या दिल्लीवर बॉयलर रूमच नाही, ती गॅस टर्बाइनवर चालते. बॉयलरच्या गोष्टी सांगणारा माणूस 1997 च्या जहाजावरचा असूच शकत नाही.

आता पद्धत सांगतो, कारण तुमच्यासारखे प्रश्न बऱ्याच घरांत आहेत.

मी आधी साल विचारतो, नाव नंतर. कुणी ‘तलवार’ म्हणालं की मी लगेच फोटो शोधत नाही. 1960 च्या दशकातला माणूस असेल तर ब्रिटनमध्ये बांधलेली फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका), 2003 नंतरचा असेल तर रशियात बांधलेली. ‘त्रिशूल’चं अगदी तेच. ‘राजपूत’ म्हणाल तर 1949 साली घेतलेली जुनी डिस्ट्रॉयर वेगळी आणि 1980 ते 2021 पर्यंत सेवेत असलेली सोव्हिएत बांधणीची वेगळी. डिसेंबर 1971 मध्ये विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानी पाणबुडी गाझी बुडाली, त्या प्रसंगाशी जिचं नाव जोडलं जातं ती जुनी राजपूत. तरी त्या प्रसंगावरच्या लेखांबरोबर 1980 च्या राजपूतचा क्षेपणास्त्रांसकट फोटो छापलेला मी वारंवार पाहतो. ज्यांनी त्या लहानशा जुन्या जहाजावर ती रात्र काढली त्यांच्या घरच्यांना ते बघून काय वाटत असेल?

साल पुसलेलं असेल तर फोटोकडे वळायचं, आणि फोटोत सगळ्यात आधी मागचा झेंडा बघायचा. 26 जानेवारी 1950 पूर्वी आपल्या जहाजांवर ब्रिटिश पांढरं निशाण असे, कोपऱ्यात युनियन जॅक. जहाजाच्या नावाआधी तेव्हा ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) ही अक्षरं लागत. 1950 पासून ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) आलं आणि झेंड्याच्या कोपऱ्यात तिरंगा आला, पण आडवा-उभा लाल क्रॉस तसाच राहिला. 2001 मध्ये तो काढला, 2004 मध्ये मध्यभागी अशोकस्तंभासह परत आणला. 2 सप्टेंबर 2022 रोजी तो कायमचा गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. कृष्णधवल फोटोतही क्रॉसचे गडद पट्टे ओळखू येतात. तुमच्याकडे आजोबांचा जहाजावरचा एखादा फोटो असेल आणि त्यात मागचा झेंडा आला असेल, तर निम्मं काम तिथेच होतं.

नावाआधीची अक्षरं तेवढीच महत्त्वाची. तटरक्षक दलाच्या जहाजांना ‘आयसीजीएस’ लागतं. आपल्या महाराणी ताराराणींच्या नावाची ‘ताराबाई’ ही गस्तीनौका तटरक्षक दलात होती. ती नौदलाच्या यादीत शोधत बसलात तर सापडणार नाही.

मग येतो जहाजाच्या कुशीवर रंगवलेला क्रमांक, आम्ही त्याला पेनंट नंबर म्हणतो. इथे मात्र जपून. लोकांना वाटतं क्रमांक म्हणजे गाडीची नंबरप्लेट, कधी दुसऱ्याला जात नाही. तो जातो. जुन्या विक्रांतचा आर 11, आणि 2022 मध्ये कोचीला दाखल झालेल्या नव्या विक्रांतचाही आर 11. ब्रह्मपुत्रा ही 1958 ची फ्रिगेट एफ 31, आणि 2000 साली कोलकात्याहून आलेली ब्रह्मपुत्राही एफ 31. म्हैसूरच्या बाबतीत अक्षर बदललं, आकडा राहिला: 1957 ची क्रूझर सी 60, 1999 ची विनाशिका डी 60. पाणबुड्यांमध्ये तर नवखा माणूस हमखास फसतो. जुनी कलवरी एस 23 आणि जुनी करंज एस 21 होती. नव्या पाणबुड्यांमध्ये कलवरीला एस 21 मिळाला आणि करंजला एस 23, म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाली. खांदेरी मात्र तेव्हाही एस 22, आताही एस 22. म्हणून एकट्या क्रमांकावर मी कधीच निर्णय देत नाही. साल आणि क्रमांक एकमेकांशी जुळले तरच तो पुरावा.

दिल्लीच्या बाबतीत आकडाही वेगळा आहे, क्रूझर सी 74 आणि विनाशिका डी 61. पण आकडा दिसत नसला तरी आकारावरून चुकायला होत नाही. लांबीला दोन्ही जवळपास सारख्या, क्रूझर 169 मीटर आणि विनाशिका 163, त्यामुळे नुसत्या आकड्यांत फरक जाणवत नाही. फोटो बघा. क्रूझरला एकच जाड धुराडं, पुढे एकावर एक चढत्या दोन तोफांच्या घुमट्या आणि मागे एक. लिअँडर वर्गाला मुळात चार घुमट्या, पण 1943 मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी बॉम्ब लागून अकिलीसची मागची एक निकामी झाली आणि पुढे ती काढली. त्यामुळे दिल्लीवर सहाच मोठ्या तोफा राहिल्या. इंटरनेटवरचा फोटो चार घुमट्यांचा असेल तर तो 1943 च्या आधीचा अकिलीसचा समजा. जहाज तेच, पण तुमच्या आजोबांच्या काळातलं नव्हे. फ्रेमसाठी तीन घुमट्यांचा आणि तिरंगा-क्रॉसच्या झेंड्याचा फोटो शोधा.

आता गोदावरी. मला या कागदातलं हे सगळ्यात मोलाचं नाव वाटलं.

चुलतभावाला सापडलेली 1983 ची गोदावरी ही माझगावची फ्रिगेट, 2015 मध्ये निवृत्त झाली. पण गोदावऱ्या तीन झाल्या. पहिली दुसऱ्या महायुद्धातली, 1943 साली रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झालेली स्लूप, म्हणजे ताफ्याला संरक्षण देणारी छोटी युद्धनौका. फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली आणि ती पाकिस्तानकडे जाऊन ‘सिंध’ झाली. दुसरी 1953 साली ब्रिटनकडून आलेली हंट वर्गातली छोटी एस्कॉर्ट डिस्ट्रॉयर, लांबी जेमतेम 85 मीटर. गोमती आणि गंगा या तिच्या बहिणी. 1954 ते 1964 या काळात सेवेत असलेला माणूस गोदावरीवर असेल तर ती हीच, दुसरी. लक्षात घ्या, इथे बॉयलरचा दाखला उपयोगी पडत नाही, कारण 1983 ची गोदावरीही वाफेवरच चालायची. इथे फक्त सालच निवाडा करतं.

या दुसऱ्या गोदावरीचं पूर्वीचं नाव ‘बीडेल’. पण युद्धाच्या काळात ती इंग्रजांच्या हातात नव्हतीच. 1942 मध्ये ती पोलंडच्या नौदलाला दिली गेली आणि ‘श्लोंझाक’ नावाने लढली. 1942 मध्ये फ्रान्समधल्या दिएप बंदरावरच्या हल्ल्यात ती होती, 1944 मध्ये फ्रान्सच्याच नॉर्मंडी किनाऱ्यावर होती. आणि ताई, त्याच वर्षांत आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, देशोधडीला लागून इथे राहिली. त्यांच्या देशाचा झेंडा लावून जे जहाज तिकडे युरोपात लढत होतं, त्याच जहाजाच्या बॉयलरसमोर दहा-बारा वर्षांनी कोल्हापूर जिल्ह्यातला पोरगा उभा राहिला. आजोबांना हे कुणी सांगितलं होतं का माहीत नाही. तुमच्या मुलांना मात्र जरूर सांगा. मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते वळिवड्याला जाऊन आले.

म्हणजे गुंता दोन्ही बाजूंनी असतो. एक नाव अनेक जहाजांचं, आणि एक जहाज अनेक नावांचं. ‘नायजेरिया’ची म्हैसूर झाली, अर्धवट बांधलेल्या ‘हर्क्युलिस’ची विक्रांत झाली. जुन्या ब्रिटिश जहाजांचा इतिहास शोधताना पहिलं नाव माहीत असेल तर दुप्पट माहिती आणि दुप्पट फोटो मिळतात. ‘अकिलीस’ आणि ‘बीडेल’ ही दोन नावं लिहून ठेवा.

शिवाजीचं कोडं सोपं आहे. ते तरंगणारं जहाज नाही. नौदलात जमिनीवरच्या तळालाही ‘आयएनएस’ लावतात आणि कागदोपत्री तो जहाजासारखाच धरतात. तिथला माणूस फाटकाबाहेर पडतो तेव्हासुद्धा “किनाऱ्यावर चाललो” असंच म्हणतो. आयएनएस शिवाजी लोणावळ्याला आहे, 1945 पासून, आणि तिथे मरीन इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण होतं. स्टोकरच्या कागदावर सुरुवातीला शिवाजी असणं अगदी रीतसर आहे. बॉयलर, पंप, टर्बाइन शिकायला पोरं तिकडेच जात. मुंबईचं आंग्रे, मालाड-मार्वेचं हमला, जामनगरचं वालसुरा, कोचीचं वेंदुरुथी, ओडिशातलं चिल्का ही सगळी जमिनीवरचीच. कागदावर यातलं नाव दिसलं की जहाजाचा फोटो शोधू नका. आणि आणखी एक लक्षात ठेवा: माणूस बदलीच्या वाटेवर असला किंवा दवाखान्यात असला की त्याची हजेरी तळाच्या नावावर असायची. मध्येच आंग्रे आलं म्हणून जहाजावरची नोकरी खोटी ठरत नाही.

आता जे मी इथून सांगू शकत नाही ते. ‘61’ हा आकडा दिल्लीवर चढल्याचा आहे की उतरल्याचा, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आजोबा डिसेंबर 1961 मध्ये दिल्लीवर असतील तर ते गोवा मुक्तीच्या मोहिमेत दीवसमोर होते, आणि फलकावर तसं लिहायचा त्यांचा हक्क आहे. मार्चमध्येच उतरले असतील तर नाही. जहाज तेच, वर्ष तेच, फरक काही महिन्यांचा, पण नोंद पूर्ण बदलते. म्हणून फलकावर ‘गोवा मुक्ती’ हे शब्द कोरण्याआधी थांबा.

नेमक्या तारखांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये असलेल्या कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. खलाशांचे सेवा अभिलेख तिथे असतात. अधिकाऱ्यांचं काम वेगळं, ते दिल्लीच्या नौदल मुख्यालयातून चालतं. अर्जात आजोबांचा सेवा क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा. कागदावरचा पुसला असेल तर पदकं काढून बघा. पदकाच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. त्याबरोबर पूर्ण नाव, शाखा, भरतीचं साल आणि तुमचं नातं दाखवणारे कागद जोडा. अर्ज नेमका कसा करायचा आणि सोबत काय जोडायचं हे कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून घ्या. उत्तर किती दिवसांत येईल हे जुन्या नोंदींच्या अवस्थेवर असतं, त्यामुळे फलकाच्या उद्घाटनाची तारीख या उत्तरावर बेतू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय, “नौदल मुद्दाम तीच नावं का ठेवतं, नवी सुचत नाहीत का?” नावं ठरवायला संरक्षण मंत्रालयाची समिती असते आणि वर्गानुसार प्रथा ठरलेल्या असतात. नद्या, डोंगर, शहरं, शस्त्रं अशी. एक नियम मात्र पक्का: एका वेळी एका नौदलात त्या नावाचं एकच जहाज. आम्हा सिग्नलवाल्यांना त्याचं मोल कळतं. दोन जहाजांना एक नाव असेल तर आदेश एकीचा आणि वळणार दुसरी. त्यामुळे नाव मोकळं होईपर्यंत थांबावं लागतं आणि मोकळं झालं की ते पुन्हा द्यायचं की नाही हे ठरतं.

पण पुन्हा का द्यायचं, याचं उत्तर मला विचाराल तर ते खुकरीत आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरीला टॉर्पेडो मारला. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. नाव संपवून टाकावं असं कुणी म्हणालं असतं तर समजण्यासारखं होतं. नौदलाने उलट केलं. 23 ऑगस्ट 1989 रोजी माझगावला बांधलेली नवी कॉर्व्हेट (फ्रिगेटपेक्षा लहान युद्धनौका) दाखल झाली, तिचं नाव खुकरी. जुनीचा क्रमांक एफ 149 होता, नवीचा पी 49. त्या रात्री खुकरीच्या सोबत असलेल्या किरपाणचं आणि त्याच वर्गातल्या कुठारचं नावही नव्या जहाजांना मिळालं. नवी खुकरी बत्तीस वर्षं सेवा करून डिसेंबर 2021 मध्ये निवृत्त झाली आणि आता दीवलाच स्मारक म्हणून ठेवली आहे. नव्या खुकरीवर चढणाऱ्या प्रत्येक पोराला आपल्या आधी या नावाखाली कोण होतं हे ठाऊक असायचं. त्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागत नव्हतं.

जगभर हेच चालतं. मे 1942 मध्ये अमेरिकेची विमानवाहू ‘लेक्सिंग्टन’ बुडाली, जूनमध्ये ‘यॉर्कटाऊन’. त्या वेळी दुसऱ्याच नावांनी बांधली जात असलेली दोन जहाजं त्यांनी याच नावांनी पूर्ण केली आणि दोन्ही 1943 च्या पहिल्या चार महिन्यांत दाखल झाली. एकाच युद्धात एकाच नावाची दोन जहाजं. तिथे साल काय, महिना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

खुकरीचं नाव काढलं ते आणखी एका कारणाने. नव्या खुकरीवर सेवा केलेल्या माणसाला लोक विचारतात, “म्हणजे ती बुडालेली का?” आणि जुन्या खुकरीवर 1971 च्या आधी काम करून बदली झालेल्या माणसाच्या घरी 1989 च्या जहाजाचा चकचकीत फोटो लागलेला असतो. दोन्हीकडे कुणाची तरी नोकरी दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून मी या बाबतीत हट्टी आहे.

आता तुमच्या कामापुरतं एकत्र सांगतो. शिवाजी: लोणावळ्याचं प्रशिक्षण केंद्र, जहाजाचा फोटो नको. गोदावरी: 1953 ची, पूर्वीची बीडेल आणि श्लोंझाक. दिल्ली: 1948 ते 1978 ची क्रूझर, पूर्वीची अकिलीस. फ्रेमखाली नुसतं ‘आयएनएस दिल्ली’ लिहू नका, ‘आयएनएस दिल्ली (क्रूझर, 1948–1978)’ असं लिहा. फलकावर सध्या शाखा, हुद्दा आणि 1954–1964 एवढंच कोरा आणि खाली एका ओळीची जागा सोडा. मानखुर्दहून डिसेंबर 1961 ची नोंद आली तर ‘गोवा मुक्ती’ तिथे बसेल.

आणि ट्रंकेत फोटो असतील तर त्यांची मागची बाजूही बघा. त्या काळी स्टुडिओचा शिक्का, बंदराचं नाव, कधी पेन्सिलने लिहिलेली तारीख मागेच असायची. फोटो चिकटवलेले असतील तर ओढून काढू नका, कोपरा फाटतो. महाद्वार रोडला जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या एखाद्या चांगल्या माणसाला दाखवा आणि दोन्ही बाजू स्कॅन करून इथे टाका. गोदावरीवरचा एखादा फोटो निघाला तर मला खास बघायचा आहे; त्या छोट्या जहाजाचे आपल्या लोकांनी काढलेले फोटो फार कमी घरांत उरलेत.